डीपीटीला प्रवेश मिळाला? मग या चुका टाळा

अमेरिकेत २०१६ पासून फिजिकल थेरपीच्या मूळ पदवीचे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम फक्त डॉक्टरेट पातळीचेच आहेत, म्हणजे डीपीटी, साधारण तीन वर्षांचा. सुरुवातीलाच एक जाडजूड हँडबुक हाती पडतं आणि 'वाचलं, समजलं, मान्य आहे' अशी सही घेतली जाते. सही सगळेच करतात, वाचणारे थोडे. अडचणीत येणारे विद्यार्थी अभ्यासात कच्चे असतातच असं नाही. बरेचदा जी गोष्ट आधी कळवायची होती, ती त्यांनी नंतर कळवलेली असते, आणि नियम नेमका इथेच आडवा येतो.

एका विषयाची किंमत एक वर्ष

विद्यापीठाचं हँडबुक वेगळं आणि विभागाचं वेगळं. विभागाचं जास्त कडक असतं आणि तुम्हाला लागू होतं तेच. इतरत्र 'सी' म्हणजे पास, इथे अनेक विभागांत ती नापासात धरतात. एकूण सरासरी (४ पैकी) ३.० च्या खाली गेली की प्रोबेशन, म्हणजे देखरेखीखालचा काळ. हा अभ्यासक्रम साखळीसारखा बांधलेला असतो आणि बहुतेक विषय वर्षातून एकदाच शिकवले जातात. त्यामुळे ॲनाटॉमीत अडकलेला विद्यार्थी पुढच्या सत्रात तो विषय परत घेऊ शकत नाही, त्याला पुढच्या बॅचची वाट पाहावी लागते. पहिल्या परीक्षेत गुण घसरले की लगेच ॲडव्हायझरला भेटा. सत्राच्या शेवटी गेलात तर त्याच्या हातात करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

लसी आणि तपासण्या: इथे भारतीय विद्यार्थी हमखास अडकतात

क्लिनिकलला, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाला, जाण्याआधी कागदपत्रं पूर्ण नसतील तर रुग्णालय पहिल्याच दिवशी परत पाठवतं. सगळ्यात जास्त वेळ खाते ती हेपॅटायटिस बी. तीन डोसांचा क्रम ०, १ आणि ६ महिन्यांचा, आणि शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्ताची टायटर तपासणी, म्हणजे प्रतिकारशक्ती तयार झाली का ते पाहणारी. म्हणजे शून्यापासून सुरुवात केली तर सात-आठ महिने गेलेच. लहानपणी लस घेतली आहे म्हणून निर्धास्त राहू नका. टायटर आताच करून घ्या. कमी आली तर पुन्हा डोस घ्यायला वेळ हाताशी राहतो.

दुसरी अडचण टीबीची. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरांचं पत्र असं सगळं मागे लागतं. म्हणून आधीच आयजीआरए ही रक्ताची चाचणी मागा. एमएमआरची (गोवर, गालगुंड, रुबेला) लस घ्यायची असेल तर टीबीची चाचणी त्याच दिवशी करा, नाहीतर किमान चार आठवडे थांबा. मधल्या काळात चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

सीपीआर प्रमाणपत्र आरोग्यसेवकांसाठीचं, म्हणजे बीएलएस हवं. त्याची मुदत दोन वर्षं, आणि ती इंटर्नशिपच्या मधेच संपणार नाही हे पाहा. प्रात्यक्षिक नसलेला निव्वळ ऑनलाइन कोर्स सहसा चालत नाही. गांजा तुमच्या राज्यात कायदेशीर असला तरी रुग्णालयाच्या ड्रग टेस्टमध्ये सापडला तर जागा जाऊ शकते. 'राज्यात चालतं' हा बचाव तिथे टिकत नाही.

लॅबमध्ये गप्प बसू नका

लॅबमध्ये विद्यार्थी एकमेकांवर सराव करतात. पाठ, खांदा, मांडी उघडी ठेवावी लागते, म्हणून शॉर्ट्स, टँक टॉप, कापलेली नखं आणि अंगठ्या काढलेल्या असा पोशाख ठरलेला असतो. संकोच वाटणं स्वाभाविक आहे. चूक होते ती त्या दिवशी गैरहजर राहण्यात. ड्रेपिंग (अंग चादरीने झाकणं) कसं होईल, जोडीदार कोण असेल, पडदा मिळेल का, हे प्राध्यापकांना आठवडाभर आधी विचारा. आधी विचारलं तर बहुधा मार्ग निघतो. गैरहजेरी मात्र गैरहजेरीच मोजली जाते.

दुसरं गप्प बसणं जास्त धोक्याचं. गर्भधारणा, पेसमेकर, जुनी शस्त्रक्रिया, पायात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास यांपैकी काहीही असेल तर तुमच्यावर सराव सुरू होण्याआधी सांगा. तपशील वर्गासमोर सांगायची गरज नाही, प्राध्यापकांना सांगितलं की पुरे.

प्रॅक्टिकल: ९२ टक्के मिळूनही नापास

गुणपत्रिकेवर सुरक्षिततेचे काही मुद्दे वेगळे असतात. त्यातला एक चुकला की एकूण गुण कितीही असोत, प्रयत्न बाद. पलंगावरून व्हीलचेअरवर नेण्याचं साधं काम घ्या. हात धुवा. नाव आणि जन्मतारीख विचारून ओळख पटवा. पायावर वजन टाकण्यावर काही बंधन आहे का ते पाहा. काय करणार ते सांगून संमती घ्या. खुर्ची पलंगाला तिरपी, रुग्णाच्या मजबूत बाजूला लावा. दोन्ही ब्रेक लावा, फूटरेस्ट बाजूला करा. पायात न घसरणारे मोजे किंवा बूट हवेत. काठावर बसवल्यावर चक्कर येते का ते विचारा. मगच कंबरेला, कपड्यांवरून, गेट बेल्ट (रुग्णाला धरण्यासाठीचा पट्टा) बांधा, आत जेमतेम बोटं जातील इतका घट्ट.

हे सगळं पाठ असूनही चूक होते, आणि ती ठरलेल्या जागी होते. ब्रेक लावलेले असतात, मग खुर्ची जरा लांब आहे असं वाटतं, विद्यार्थी ब्रेक काढून ती पुढे सरकवतो आणि पुन्हा लावायला विसरतो. म्हणून 'उठा' म्हणण्याआधी दोन्ही ब्रेकना हात लावून बघायची सवय लावा. दुसरी जागा वॉकरची: रुग्ण काठावर बसलेला असताना दोन पावलं दूर ठेवलेला वॉकर घ्यायला वळणं. हात बेल्टवरून सुटला, तिथेच परीक्षा संपली. लागणाऱ्या सगळ्या वस्तू आधीच हाताशी आणून ठेवा. आणि अर्धांगवायूच्या रुग्णाला लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नका. त्या खांद्याला स्नायूंचा आधार नसतो, सांधा निसटू शकतो.

क्लिनिकलमध्ये

पूर्णवेळ क्लिनिकल शिक्षण किमान ३० आठवड्यांचं असावं लागतं, आणि वेळापत्रक तुमच्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरचं, म्हणजे सीआयचं. ते शनिवारी काम करत असतील तर तुम्हीही शनिवारी. आजारी पडलात तर शिफ्ट सुरू होण्याआधी सीआयला फोन करा आणि त्याच दिवशी कॉलेजच्या क्लिनिकल संचालकांना ईमेल. दोघांनाही कळवायचं. फक्त सीआयला मेसेज केलेल्यांची नोंद 'न कळवता गैरहजर' अशीही होऊ शकते.

नावापुढे एसपीटी (स्टुडंट फिजिकल थेरपिस्ट) लिहा आणि प्रत्येक रुग्णाला आपण विद्यार्थी आहोत हे सांगा. नको म्हणण्याचा हक्क त्याला आहे, वाईट वाटून घेऊ नका. सीआय जवळ नसताना नवीन तंत्र करून बघू नका. मेडिकेअर पार्ट बीच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याच्या) रुग्णाच्या बाबतीत तर थेरपिस्ट त्याच खोलीत राहून, उपचार स्वतः चालवत आणि त्याच वेळी दुसऱ्या रुग्णाकडे न बघता हजर असेल तरच बिल लागतं. तुम्ही उत्साहाने एकट्याने केलेलं सत्र रुग्णालयासाठी बिलाचा प्रश्न होऊन बसतं.

नोंदींबद्दल सीआयची एक ठरलेली तक्रार असते. 'रुग्णाने उपचार चांगले सहन केले' या वाक्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'रोलिंग वॉकरसह ४० फूट, मिनिमल असिस्ट, डावीकडे वळताना दोनदा तोल गेला, पाऊल उचलण्यासाठी ३ तोंडी सूचना, नाडी आधी ७८, नंतर ९६.' विमा कंपनीला यातून प्रशिक्षित थेरपिस्टची गरज का होती ते कळतं, आणि उद्या येणाऱ्या सहकाऱ्याला कुठे लक्ष ठेवायचं ते.

मधल्या मूल्यमापनाची वाट पाहत बसू नका. दर शुक्रवारी सीआयला विचारा: या आठवड्यात कुठे कमी पडलो, पुढच्या आठवड्यात काय हवं? उत्तर लिहून ठेवा. स्वतःच्या मूल्यमापनात सगळीकडे उत्तम लिहिणारा विद्यार्थी सीआयला सर्वांत जास्त काळजीत टाकतो, कारण आपल्याला काय येत नाही हेच त्याला दिसत नाही.

गोपनीयता

हिपा या रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याच्या नियमांत ओळख पटवणाऱ्या १८ गोष्टी आहेत. नाव काढलं म्हणजे झालं, हा समज चुकीचा. केस प्रेझेंटेशनमध्ये नावाची आद्याक्षरंही चालत नाहीत, दाखल होण्याची तारीख चालत नाही (फक्त वर्ष चालतं), आणि वय ८९ च्या वर असेल तर '९० किंवा अधिक' इतकंच लिहायचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर एक्स-रे टाकणं, एआय चॅटमध्ये रुग्णाची नोंद पेस्ट करून सारांश मागणं, मित्र दाखल आहे म्हणून त्याची फाइल उघडून बघणं, हे सगळं उल्लंघनात मोडतं. कोणी, कधी, कोणती फाइल उघडली याची नोंद संगणकात राहते आणि ती तपासली जाते.

प्रश्न वाटून घेणं

प्रॅक्टिकलमध्ये कोणती केस आली ते बाहेर थांबलेल्या मित्राला सांगणं ही मदत वाटते. विभागाच्या नियमांत ती कॉपी असते, सांगणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याचीही. परवान्याच्या एनपीटीई परीक्षेत तर आठवणीतले प्रश्न वाटणं हा सुरक्षाभंगच, आणि त्यातून परवाना अडू शकतो. ही परीक्षा १२ महिन्यांत जास्तीत जास्त तीनदा आणि आयुष्यात सहादाच देता येते.

सवलत आणि अपील

डिस्लेक्सिया, एडीएचडी, ऐकू कमी येणं अशा कारणांसाठी जादा वेळ मिळतो, पण सवलत मागच्या परीक्षेला लागू होत नाही. प्राध्यापकांना तोंडी सांगून भागत नाही. विद्यापीठाच्या संबंधित कार्यालयाचं पत्र लागतं, आणि बहुतेक ठिकाणी ते दर सत्रात नव्याने द्यावं लागतं. एनपीटीईसाठी अर्ज पुन्हा वेगळा. अपिलाची मुदत बहुधा मोजक्या दिवसांची असते. 'मला कमी गुण दिले' यावर अपील टिकत नाही, 'ठरलेली पद्धत पाळली नाही' यावर टिकू शकतं. म्हणून ईमेल जपून ठेवा.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर

क्लिनिकलच्या पहिल्या दिवसाआधी आय-२० वर (कॉलेजने व्हिसासाठी दिलेला फॉर्म) सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याच्या परवानगीची, नोंद झालेली हवी, आणि ती त्या ठिकाणाची आणि त्या तारखांचीच. ठिकाण बदललं की नोंद नवी. नोंद नसताना केलेलं एक दिवसाचं कामही व्हिसाचा दर्जा धोक्यात आणतं. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली की त्या पदवी-पातळीवरची ओपीटी (शिक्षणाशी संबंधित कामाची परवानगी, जी बहुतेक जण पदवीनंतर वापरतात) मिळत नाही, म्हणून क्लिनिकल लांबलं तर दिवस मोजत राहा.

आणि विषय राहिला, बॅच सुटली, एखादं वर्ष थांबायचं ठरलं, तर विभागाच्या फॉर्मवर सही करण्याआधी आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम पाहणारा अधिकारी) भेटा. परवानगी घेऊन अभ्यासक्रम सोडला तर देश सोडायला १५ दिवस मिळतात. परवानगीशिवाय सोडला तर एकही नाही.