भूल घेताना या चुका टाळा

हर्नियाच्या ऑपरेशनला आलेलं चार वर्षांचं लेकरू. सकाळपासून काय खाल्लं, असं विचारलं तर आई म्हणाली, काहीच नाही. पण पोराच्या ओठाला बिस्किटाचा ओला चुरा चिकटलेला. ‘रडत होतं जी, म्हणून चहात बुडवून दोनच देल्ले,’ आजी हळूच बोलली. ऑपरेशन पुढं ढकलावं लागलं.

आजीवर मी रागावलो नाही, पण ती दोन बिस्किटं जिवावर बेतू शकतात. लहान मुलांना आम्ही बहुतेकदा मास्कमधून सेव्होफ्लुरेन हा भुलीचा वायू हुंगवतो. त्याचा वास उग्र नाही, घसा खवखवत नाही, मिनिटा-दोन मिनिटांत झोप लागते. झोप लागली की ठसका लागायचंही थांबतं. मग पोटातलं वर आलं की थेट फुप्फुसात उतरतं. म्हणून जड जेवण ८ तास आधी बंद, दूध किंवा हलका नाश्ता ६ तास, आईचं दूध ४ तास.

साधं पाणी मात्र २ तास आधीपर्यंत चालतं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे मे महिन्यात रात्रीपासून लेकराला थेंबही न देणारी घरं मी पाहतो. घरात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर हे फार वाईट, कारण पाणी कमी पडलं की रक्तातल्या पेशी वाकड्या होऊन अडकतात. सिकलसेलचं कार्ड लपवू नका, लग्न जमायचं असलं तरी.

मोठ्या माणसांची चूक म्हणजे खर्रा, सुपारी-तंबाखूचा. वर्षानुवर्षं खाऊन गाल आतून ताठरतात, तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत. मग श्वासाची नळी घालायची कशी? आदल्या दिवशीच आरशासमोर बघा आणि तोंड उघडत नसेल तर आम्हाला सांगा. त्या सकाळी पुडी खिशातही नको.

शुद्धीवर येताना काही मुलं हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. सेव्होफ्लुरेननंतर हे बऱ्याचदा दिसतं आणि थोड्या वेळात निवळतं. घाबरून तोंडात पाणी ओतू नका. कुशीवर धरा, सलाईनचा हात सांभाळा. मळमळ किंवा थंडी वाजत असेल तर नर्सला सांगा.

शेवटची गोष्ट लोक अपशकुन समजून बोलत नाहीत: ‘काका ऑपरेशनच्या टेबलावरच तापले, अंग लाकडासारखं झालं आणि गेले.’ हा दोष घराण्यात पिढ्यान्पिढ्या उतरतो. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन, हॅलोथेन, तिन्हींनी तो भडकतो, आणि त्यावरचं औषध डँट्रोलीन तालुक्याच्या दवाखान्यात सहसा नसतं. आधी कळलं तर आम्ही हे वायू वापरतच नाही, शिरेतून किंवा पाठीत भूल देतो.