घरी नेब्युलायझर देताय? मग हे नीट बघून घ्या

घरात दम्याचं पोरगं किंवा सीओपीडीवाले (फुफ्फुसांचा जुनाट आजार, श्वास अडतो) आजोबा असले की डॉक्टर कधी ना कधी नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करून श्वासातून देणारं मशीन, घ्यायला सांगतातच. मशीन चालवायला काही डोकं लागत नाही, बटण दाबलं की घरघर सुरू. पण मास्कमधून धूर निघतोय म्हणजे औषध छातीत जातंय असं धरून चालू नका, बऱ्याचदा ते नुसतं हवेत उडत असतं.

आधी हात साबणाने धुवा. मशीन टेबलावर ठेवा, गादीवर किंवा पांघरुणावर नको, खालची हवेची जाळी बंद होते आणि मशीन तापतं. अस्थालिन, ड्युओलिन, बुडेकॉर्ट जे काही लिहून दिलंय त्या छोट्या प्लास्टिकच्या कुपीचं टोक पिळून तोडायचं आणि औषध मास्कला जोडायच्या छोट्या कपात ओतायचं. दोन औषधं एकत्र करायची का, सलाईन किती घालायचं हे डॉक्टर सांगतील तसंच. नळाचं पाणी, विक्स, निलगिरीचं तेल यातलं काहीही कपात टाकायचं नाही, नुसत्या पाण्याच्या तुषारांनीसुद्धा दम्यात श्वासनळी आवळते.

आता पेशंटला ताठ बसवा, बाळ असेल तर मांडीवर टेकवून. मास्क नाकातोंडावर घट्ट बसला पाहिजे. पोरगं रडतं म्हणून मास्क चार बोटं लांब धरणारे खूप जण बघितलेत, त्यात काही अर्थ नाही, आणि जोरजोरात रडत असताना पण औषध फार आत जात नाही, त्यामुळे मोबाईलवर कार्टून लावा, बिनधास्त लावा. मोठ्या माणसाला तोंडात धरायचा माउथपीस बरा, ड्युओलिनचा फवारा डोळ्यात जात नाही, काचबिंदू असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. कप उभाच धरायचा. साधारण १० मिनिटांत फुर्रफुर्र आवाज यायला लागतो, तेव्हा कपाला बोटाने टिचकी मारा, कडेचे थेंब खाली येतात, आणि मग संपलं.

नंतर थोडा वेळ हात थरथरले, धडधडलं तर घाबरू नका, अस्थालिनने होतं तसं. बुडेकॉर्ट दिलं असेल तर चूळ भरायला लावा आणि तोंड धुवा, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात.

पण वाफ देऊनही बरगड्या आत खेचल्या जातायत, ओठ निळसर झालेत, एक वाक्य धड बोलता येत नाही किंवा पेशंट गुंगीत जातोय, तर अजून एक डोस देऊन बघू वगैरे करत बसू नका, १०८ ला फोन करा. चार तास व्हायच्या आत पुन्हा लागतंय तरी डॉक्टर गाठा.

आता साफसफाई, जी सगळे उद्यावर ढकलतात. ओल्या कपात जंतू वाढतात आणि पुढच्या वेळी ते थेट फुफ्फुसात. दरवेळी कप आणि मास्क कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पाणी झटका, स्वच्छ कपड्यावर वाळत ठेवा, आतून पुसू नका. नळी धुवायची नाही, आत ओल दिसली तर कप काढून मशीन दोनतीन मिनिटं नुसतं चालवा. एक वाटी पांढरं व्हिनेगर आणि तीन वाट्या पाणी यात कप अधूनमधून अर्धा तास बुडवून ठेवता येतो, नंतर उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायचा. उकळणं मात्र मॅन्युअलमध्ये चालतं म्हटलं असेल तरच, आणि मास्क उकळायचा नाही, वाकडा होतो. फिल्टर करडा दिसला की बदला, तो धुवून परत लावायचा नसतो.