गेमिंगसाठी प्रोसेसर घेताय? गिगाहर्ट्झ बघायचे की थ्रेड?

परवा मावसभाऊ म्हणाला, दादा १६ थ्रेडवाला प्रोसेसर घेतोय, व्हॅलोरंट अडकतंय. म्हटलं थांब, पैसे नंतर काढ, आधी गेम चालू कर. (थ्रेड म्हणजे प्रोसेसर एका वेळी चालवू शकतो ती कामाची एक रांग, आणि गिगाहर्ट्झ म्हणजे त्याचा वेग, सेकंदाला किती अब्ज ठोके.)

पहिली पायरी हीच. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, आणि खेळताना जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्डची चिप, किती टक्के वापरला जातोय ते बघा. ९५-९९ असेल तर ग्राफिक्स कार्डच दमलंय, कुठलाही प्रोसेसर आणा, फारसा फरक पडणार नाही. पण जीपीयू ५०-६० वर लोळतोय, एफपीएसला (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्या आकड्याला) लॉक लावलेला नाही आणि रिझोल्यूशन उतरवूनही एफपीएस वाढत नाहीत, तर घोडं प्रोसेसरपाशी अडलंय. टास्क मॅनेजरमधल्या एकूण सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, आकड्यावर जाऊ नका हं. बऱ्याच गेम्सचा सगळा भार एका मुख्य थ्रेडवर असतो, आणि १२ थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा दिसतो जेमतेम ८ टक्के, म्हणजे तुम्हाला वाटणार सीपीयू तर झोपलाय.

आणि थ्रेड म्हणजे कोअर नव्हे, कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग. ६ कोअर १२ थ्रेड म्हणजे पोळपाट सहाच, प्रत्येकावर दोघी जणी आलटूनपालटून लाटणार. पोळ्या थोड्या जास्त होतात, दुप्पट होत नाहीत.

मग गिगाहर्ट्झ बघून घ्यायचा का? एकाच पिढीतल्या, एकाच घराण्यातल्या प्रोसेसरांची तुलना असेल तर बघा, नाहीतर तो आकडा बिनकामाचा. २०१२ चा एएमडीचा एफएक्स-८३५० आठ कोअर आणि ४ गिगाहर्ट्झचा होता, तरी त्याच वर्षीचा इंटेलचा चार कोअरचा आय५-३५७०के, तोही ३.४ चा, बहुतेक गेम्समध्ये त्याला मागे टाकायचा, कारण एका ठोक्यात तो जास्त काम उरकायचा. कॅशचंही तसंच, कॅश म्हणजे प्रोसेसरमधलीच छोटी पण वेगवान मेमरी. एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, ५८००एक्स३डी ४.५ पर्यंतच, पण त्याच्याकडे ३२ ऐवजी ९६ एमबी एल३ कॅश, त्यामुळे गेमिंगमध्ये साधारण तोच पुढे. उलटा सापळा म्हणजे रायझन ७ ५७००, नावात एक्स नसलेला. कोअर आठ, थ्रेड १६, पण कॅश १६ एमबीच, त्यामुळे ३२ एमबीवाला सहा कोअरचा ५६०० कितीतरी गेम्समध्ये त्याच्यापुढे जातो.

माझा हिशोब सरळ आहे. ६ कोअर १२ थ्रेडच्या खाली नवीन घेऊ नका, प्लेस्टेशन ५ मध्येच आठ कोअर आहेत आणि मोठे गेम्स तेच धरून बनतात. चार थ्रेडवाल्या जुन्या प्रोसेसरवर सरासरी एफपीएस बरे दिसतात पण मध्येच गचके बसतात, म्हणून रिव्ह्यूत १ टक्का लो चा, म्हणजे सगळ्यात संथ १ टक्का क्षणांतल्या एफपीएसचा, आकडा बघा. सहा कोअर झाले की पुढचे पैसे नवी पिढी नि कॅशवर घाला. स्ट्रीमिंग करायचं म्हणून थ्रेड वाढवायचे असतील तर आधी ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून छोटा करण्याचं काम, ग्राफिक्स कार्डवर टाकून बघा, बहुतेकांचं तेवढ्यात भागतं. व्हिडिओ रेंडर, ब्लेंडर असलं काही रोजचं असेल तर मात्र खुशाल १६ थ्रेड घ्या.

मावसभावाचं काय निघालं? जीपीयू ५५ टक्क्यांवर, म्हणजे दोष होता प्रोसेसरच्याच बाजूला, पण कॅबिनेट उघडलं तर रॅमची एकच काडी, एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) पण बंद, त्यामुळे प्रोसेसरला डेटाच वेळेवर मिळत नव्हता. दुसरी काडी लावली, बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं. १६ थ्रेडचा विषय त्याने परत काढलेला नाही.