घातक कचरा द्यायला निघण्याआधी

पहिलं काम फोनचं. संकलन केंद्रात काय घेतात, किती घेतात आणि कोणत्या दिवशी, हे विचारून ठेवा. नाहीतर अर्धं सामान परत घरी आणावं लागतं. मग सिंकखालचा कप्पा, माळा, औषधांचा डबा असं सगळं धुंडाळा. सापडेल ते मूळ बाटलीतच राहू द्या. लेबल निघालं असेल तर कागदावर नाव लिहून चिकटवा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काही म्हणजे काही ओतायचं नाही.

जागा वाचवायला दोन उरलेल्या बाटल्यांची एक करण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. ब्लीचमध्ये टॉयलेट धुण्याचं अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया पडला की क्लोरामाइन. दोन्ही वायू फुफ्फुसांना घातक. त्यामुळे बाटल्या चार जास्त झाल्या तरी चालतील.

बॅटऱ्यांना निवांत वेळ द्या. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन्ही टोकं शेजारी-शेजारी असतात; ड्रॉवरमधली किल्ली त्यांना टेकली तरी बॅटरी तापते, आग लागू शकते. टोकांवर चिकटपट्टी लावा, लिथियमच्या बॅटऱ्यांनाही. मोबाइलची फुगलेली बॅटरी टोचू किंवा दाबू नका. पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत वेगळी ठेवा आणि फोनवरच तिच्याबद्दल विचारा.

सीएफएल दिवे पुठ्ठ्याच्या खोक्यात. फुटलाच तर खिडक्या उघडून दहा मिनिटं खोलीबाहेर जा. झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर लांबच ठेवा, त्यांनी आतला पारा पसरतो. जाड कागदाने काचा गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा आणि सगळं झाकणाच्या बरणीत भरा.

इंजेक्शनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, टोपण परत न लावता. बाटली पाऊण भरली की बंद. गोळ्या पाकिटातच, फक्त आपलं नाव फाडून टाका.

रंग आणि थिनरचे डबे घट्ट बंद करा. जवसाच्या तेलाने लाकूड पुसलेल्या चिंध्यांचा मात्र बोळा करून ठेवू नका. तेल वाळताना उष्णता निघते, ती आत कोंडते आणि काडी न लावताही चिंध्या पेटतात. पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून झाकण लावा.

गाडीत सगळं डिकीत, उभं, मध्ये वर्तमानपत्रं कोंबून. काचा खाली, सिगारेट बंद, वाटेत दुसरी कामं नकोत. आणि खोका परत मिळेलच असं नाही, तेव्हा चांगला क्रेट नेऊ नका.