पावसाळ्यात तुंबणारी सेप्टिक टाकी

आमचं घर रत्नागिरीजवळ, जांभ्याच्या कातळावर. पावसाळा लागला की संडासातलं पाणी उतरायला वेळ लावायचं आणि शोषखड्ड्याच्या कडेने काळं पाणी वर यायचं. जो तो म्हणे, टाकी भरली, उपसून घ्या. टँकर बोलावून उपसली. पुढच्या मोठ्या पावसात परत तेच.

मग झाकण काढून नीट पाहिलं. (उघडल्यावर बराच वेळ लांब थांबायचं, आत वाकायचं नाही, विडी-काडी तर नाहीच, आतला वायू जीव घेतो.) बाहेर जाणाऱ्या पाइपाला 'टी' (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) नव्हताच. त्यामुळे वर तरंगणारी साय थेट शोषखड्ड्यात जात होती आणि तिथल्या दगडांवर चिकट काळा थर धरला होता. पाणी मुरणार कुठून?

टाकी रिकामी करून वरूनच पीव्हीसीचा टी बसवून घेतला. त्याचं खालचं तोंड सायीच्या बरंच खाली जातं. नवा शोषखड्डा विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला खणला, जिथे कातळ नाही, माती आहे. छपराच्या पागोळ्यांचं पाणी जुन्या खड्ड्याकडेच वाहत होतं, ते चर मारून वळवलं. माझ्या मते निम्मा त्रास त्याचाच.

आता दोन-तीन वर्षांनी उपसा, तोही टँकरनेच. संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. संडासात अ‍ॅसिड ओतणं बंद केलंय, त्याने मैला कुजवणारे जीवाणू मरतात. तेच जीवाणू टिकावेत म्हणून उपसताना तळाशी थोडा गाळ मुद्दाम राहू देतो. टँकरवाला मात्र दर वेळी टाकी धुऊन द्यायला निघतो!