मानवी तस्करी ओळखण्याचं प्रशिक्षण देताय? या चुका टाळा

तस्करीत अडकलेला माणूस रुग्णवाहिकेच्या, अग्निशमन दलाच्या किंवा गस्तीवरच्या पोलिसांच्या समोर येतो तो बहुतेकदा भलत्याच कारणाने. हात भाजलेला असतो, चार दिवसांचा ताप असतो, शॉर्ट सर्किट झालेलं असतं, नाहीतर शेजाऱ्यांनी आरडाओरड्याची तक्रार केलेली असते. हाताशी वेळ मिळतो दहा-पंधरा मिनिटं. एवढ्यात सुटका होत नाही आणि कबुलीजबाबही मिळत नाही. तरी बरीचशी प्रशिक्षणं याच दोन गोष्टींची अपेक्षा धरून आखलेली असतात, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

साखळदंडांचे फोटो

पहिल्याच स्लाइडवर अंधारी खोली आणि हात बांधलेली मुलगी. ती पाहिलेला कर्मचारी नंतर तेच चित्र शोधत राहतो आणि समोरचा तिशीतला बांधकाम मजूर त्याच्या नजरेतून सुटतो. प्रत्यक्षातलं कुलूप दिसत नाही: मालकाकडे अडकलेली कागदपत्रं, दर महिन्याला वाढतच जाणारी उचल, घरच्यांना इजा करण्याची धमकी. फोटो काढून टाका आणि व्याख्या शिकवा. संयुक्त राष्ट्रांच्या 2000 सालच्या पालेर्मो प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे मानवी तस्करी रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात, तिचे तीन भाग आहेत. कृती (भरती, वाहतूक, आसरा देणं), साधन (बळजबरी, फसवणूक, असहायतेचा गैरफायदा) आणि हेतू (शोषण). व्यक्ती 18 वर्षांखालची असेल तर साधन सिद्ध करावं लागत नाही. सीमा ओलांडलेली असणंही गरजेचं नाही. स्वतःच्या गावात, स्वतःच्या घरातही तस्करी होते. ‘तो तर राजीखुशीने आला होता’ हे वाक्य वर्गात हमखास येतं. फसवून किंवा धमकावून मिळवलेल्या संमतीला या व्याख्येत किंमत नाही, हे तिथल्या तिथे सांगा.

खुणांची यादी पाठ करून घेणं

नजर चुकवणं, गप्प राहणं, जुना गोंदण. यातली एकेक खूण हजारो लोकांमध्ये सापडेल. खुणा जोडून वाचायला शिकवा. रसायनाने भाजलेले हात, आपण राहतो तो पत्ता सांगता न येणं, आणि प्रत्येक उत्तराआधी सोबत्याकडे जाणारी नजर, असं तिन्ही एकत्र आलं की थांबायचं. अग्निशमनवाल्यांसाठी वेगळा सराव हवा, कारण त्यांना माणसाआधी जागा दिसते: बाहेरून लावलेली कडी, यंत्राशेजारी गुंडाळून ठेवलेली अंथरुणं, हजेरीपटावर सहा नावं आणि दोरीवर वीस जणांचे कपडे.

सोबत्यासमोर विचारणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. ‘काका’, ‘मालक’ किंवा ‘मैत्रीण’ शेजारी उभी आहे आणि कर्मचारी विचारतो, ‘तुम्हाला कोणी त्रास देतं का?’ उत्तर ‘नाही’च येणार, आणि त्या प्रश्नाची शिक्षा रात्री मिळणार. सोबत्याला दूर करायचं ते रोजच्या कामाचा भाग वाटेल अशा रीतीने: ‘गाडीत फक्त रुग्ण घेतो’, ‘एक्स-रेच्या खोलीत एकट्यालाच जावं लागतं’, ‘तोवर तुम्ही हा फॉर्म भरा’. सोबती हटूनच बसला तर वाद घालू नका. त्याचा हट्ट नोंदवा आणि पुढच्या टप्प्यावर वेगळं करता येईल का ते पाहा. भाषेची अडचण असेल तर फोनवरचा प्रशिक्षित दुभाषी घ्या. सोबत्याला दुभाषी कधीच करू नका.

वेगळं केल्यावरही ‘तुमची तस्करी झाली आहे का?’ असं विचारू नये. हा शब्द कोणी स्वतःला लावत नाही. रोजच्या जगण्याबद्दल विचारा.

– झोपता कुठे?
– तिथेच, कामावर.
– काम सोडायचं म्हटलं तर?
– पैसे फिटल्याशिवाय नाही.
– किती राहिलेत?
– ते मालकच सांगतात.

‘ते मालकच सांगतात’ हे वाक्य कानावर पडलं की हाताशी बरंच काही आलं. पुढे खोदत बसू नका.

हेल्पलाइनचं कार्ड हातात देणं

संध्याकाळी खिसे तपासले जातात, फोनही. लोकेशन कोणी पाहत असेल अशी शक्यता धरूनच चाला. क्रमांक तोंडपाठ करून घ्या किंवा औषधाच्या सूचनांच्या कागदावर साध्या आकड्यांत लिहा. घ्यायचा की नाही हे त्या व्यक्तीला ठरवू द्या.

नोंदीत निष्कर्ष लिहिणं

‘तस्करीची पीडित’ असं लिहू नका. बोललेले शब्द अवतरणात, पाहिलेल्या गोष्टी वेळेसह. हकिकत उलटसुलट असली तर ‘खोटं बोलते’ हा शेरा टाळा. आघातानंतर आठवणीचा क्रम तुटतो. कपडे कापावे लागले तर फाटलेल्या किंवा डाग पडलेल्या जागेतून कात्री चालवू नका, आणि ते कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा कुजतो.

प्रशिक्षण होऊनही काही बिघडलं तर

तीन महिन्यांत एकही नोंद आली नाही, तर ‘आपल्याकडे असलं काही नाही’ असं समजू नका. बहुधा नोंद कुठे आणि कोणाला द्यायची हेच माहीत नसतं. पुढच्या मदतीसाठी जिथे कळवायचं त्या यादीतल्या प्रत्येक क्रमांकावर रात्री दोन वाजता फोन लावून पाहा; जो उचलला जात नाही तो खोडा. उलट संशयाच्या नोंदींचा पूर आला, तर शिकवणीत खुणांची यादी झाली असेल आणि संदर्भ राहिला असेल.

सज्ञान व्यक्तीने मदत नाकारली, तर जीवाला तातडीचा धोका किंवा कायद्याची सक्ती नसेल तिथे ते मान्य करायचं, हे मात्र कर्मचाऱ्यांना सगळ्यात जड जातं. अल्पवयीन असेल तर कळवणं तुमच्याकडच्या बालसंरक्षण नियमाप्रमाणेच. या नकाराचा सराव करून घ्या: वीस मिनिटांचं नाट्य, ज्यात पीडिताची भूमिका करणारा शेवटपर्यंत ‘नको’च म्हणतो, आणि कर्मचाऱ्याने न चिडता जखम बांधून, क्रमांक सांगून, ‘पुन्हा कधीही फोन करा’ म्हणत निघायचं.