नाशिकच्या शहर बसने फिरताना या चुका टाळा

नाशिकमध्ये शहर बसने प्रवास करताना होणाऱ्या बहुतेक चुका बसमध्ये पाय ठेवण्याआधीच झालेल्या असतात आणि त्यांचे मूळ ठिकाणाचे नाव अर्धवट सांगण्यात असते. ८ जुलै २०२१ पासून महापालिकेच्या नाशिक महानगर परिवहन महामंडळामार्फत ‘सिटीलिंक’ ही सेवा चालते. त्यापूर्वी शहर बस एसटी महामंडळाकडे होती. व्यवस्था बदलली, तरी ठिकाणांची जुनी नावे आणि त्यांमधला सारखेपणा तसाच राहिला आहे. शहरात नव्याने आलेला विद्यार्थी, यात्रेसाठी उतरलेले वृद्ध दांपत्य किंवा अंबडच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी कामावर निघालेला तरुण यांची गैरसोय बहुधा तेथेच होते.

सारख्या नावांमुळे होणारी फसगत

‘देवळालीला जायचे आहे’ एवढेच सांगून बसमध्ये बसू नये. देवळालीगाव हा नाशिकरोडचाच भाग आहे, तर देवळाली कॅम्प हा छावणी परिषदेच्या हद्दीतला, तेथून बराच पुढे भगूरच्या वाटेवरचा परिसर आहे. कॅम्पला जाणाऱ्याने ‘कॅम्प’ हा शब्द उच्चारलाच पाहिजे; भगूरची बस कॅम्पवरूनच पुढे जाते, म्हणून फलकावर ‘भगूर’ दिसले तरी ती सोडू नये.

हीच गोष्ट गंगापूरची. गंगापूर रोड अशोकस्तंभापासून सुरू होतो आणि जेहान सर्कल, आनंदवल्ली, सोमेश्वर असा पश्चिमेकडे लांबवर जातो. गंगापूर गाव त्याच्या पुढच्या टोकाला आहे आणि धरण त्याहून पुढे. ‘गंगापूर रोडला उतरायचे’ असे सांगितल्यावर वाहकाने कोणत्या थांब्याचे तिकीट द्यायचे, हे त्याला कसे कळावे? जवळचे महाविद्यालय, चौक किंवा दवाखाना सांगितला, तर तिकीटही नेमक्या टप्प्याचे मिळते आणि उतरण्याची वेळ आली की वाहक आठवणीने हाकही देतो.

पाथर्डी फाटा मुंबई-आग्रा महामार्गावर आहे आणि पाथर्डी गाव आत आहे. पांडवलेण्यांना जाणाऱ्यांनी फाट्याचे तिकीट घ्यावे. सिडको हा तर एक थांबा नसून मोठी वसाहत आहे, त्यामुळे पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक यांपैकी कोठे जायचे ते आधी ठरवावे. अंबडला जाणाऱ्याने अंबड गाव आणि औद्योगिक वसाहत यांतील फरक कामावर बोलावणाऱ्यालाच विचारून घ्यावा, कारण वसाहत विस्तीर्ण आहे आणि चुकीच्या टोकाला उतरल्यास बरीच पायपीट होते. ‘त्र्यंबक’ या नावाचेही तसेच आहे: त्र्यंबक नाका शहराच्या मध्यभागी आहे आणि त्र्यंबकेश्वर सुमारे ३० किलोमीटरवर.

पंचवटीत येणाऱ्या भाविकांना आणखी एका नावाने गोंधळात टाकलेले दिसते. रामकुंडाजवळच्या ‘मालेगाव स्टँड’ या ठिकाणाचे नाव ऐकून ते मालेगावच्या गाड्यांचे स्थानक असावे असे वाटते. प्रत्यक्षात रामकुंडावर किंवा काळाराम मंदिरात जाणाऱ्याला ते सोयीचे ठिकाण आहे. पंचवटीतील शहर बसचे मुख्य स्थानक मात्र निमाणी या नावाने ओळखले जाते. ‘पंचवटी’ असा फलक शोधत उभे राहण्यापेक्षा ‘निमाणी’ वाचावे.

मार्ग न पाहता बस पकडणे

बसच्या फलकावरील सुरुवातीचे आणि शेवटचे ठिकाण वाचून लोक चढतात, आणि मध्ये कोणत्या रस्त्याने बस जाणार हे पाहायचे राहून जाते. नाशिकरोड आणि निमाणी यांच्या दरम्यान द्वारका चौकावरून जाता येते, तसेच जेलरोड आणि नांदूर नाक्यावरूनही जाता येते. ज्याला द्वारकेच्या रस्त्यावरील ‘उपनगर’ नावाच्या थांब्यावर उतरायचे आहे, त्याने नांदूर नाक्याकडून जाणारी बस पकडली, तर तो शेवटच्या स्थानकावर बरोबर पोहोचतो, पण त्याचे घर मागे दुसऱ्याच रस्त्यावर राहिलेले असते. म्हणून चढण्याआधी ‘द्वारकेवरून जाते का?’ असा एकच प्रश्न विचारावा. वाहक, चालक किंवा थांब्यावरचा कोणताही नेहमीचा प्रवासी त्याचे उत्तर देतो. फलकांवर ‘मार्गे’ हा भाग मोठ्या ठळक अक्षरांत असायला हवा, असे मला मनापासून वाटते, कारण ज्येष्ठ प्रवाशांना येणाऱ्या बसवरची बारीक अक्षरे वेळेत वाचता येत नाहीत.

मेन रोडसारख्या जुन्या बाजारपेठेच्या अरुंद रस्त्यांवर बस आपल्या दारापर्यंत येईल अशी अपेक्षा ठेवू नये. खरेदीसाठी शालिमार किंवा रविवार कारंजा येथे उतरून चालत जाणे सर्वांत सोपे ठरते.

सीबीएस म्हणजे नेमके कोणते?

बाहेरगावच्या पाहुण्याला ‘सीबीएसला’ (म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर) ‘ये’ असे सांगणारा नाशिककर नकळत त्याला अडचणीत टाकतो. जुने सीबीएस वेगळे, ठक्कर बाजार म्हणजे नवे सीबीएस वेगळे, त्याच्या शेजारी मेळा बसस्थानक, आणि मुंबई नाक्यावरचे महामार्ग बसस्थानक तर त्यांच्यापासून बरेच दूर. पहिली तीन ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, तरी हातात सामान असताना आणि गाडी सुटायला दहा मिनिटे उरलेली असताना तेवढे अंतरही पुष्कळ होते. शिवाय ही एसटीची स्थानके आहेत. तेथील फलाटावर उभे राहून शहर बसची वाट पाहण्याऐवजी बाहेरचा शहर बसचा थांबा विचारून घ्यावा.

रेल्वेने जाणाऱ्यांनी अंतराचा हिशेब नीट करावा. नाशिकरोड स्थानक सीबीएसपासून सुमारे ९ ते १० किलोमीटर आहे, आणि द्वारका चौकातील कोंडी सकाळ-संध्याकाळ प्रवासाच्या वेळेत भर घालते. आरक्षित गाडी असेल, तर आपल्याला हवी तिच्या आधीची बस धरणे हेच शहाणपणाचे. पहाटेच्या किंवा रात्री उशिराच्या गाडीसाठी शहर बसवर विसंबून राहू नये, रिक्षाची सोय अगोदर करून ठेवावी.

सवलतीबद्दलचा गैरसमज

एसटीने २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत दिली. ही योजना एसटीच्या गाड्यांची आहे, सिटीलिंकची नाही. त्र्यंबकेश्वर आणि सिन्नर यांसारख्या मार्गांवर दोन्ही सेवा धावत असल्याने वाहकाशी वाद होतो आणि तो टाळता येण्यासारखा आहे. सवलतीने जायचे असेल, तर लाल एसटीची वाट पाहावी. शहर बसच्या पासांची आणि सवलतींची चौकशी त्यांच्याच कार्यालयात करावी.

चूक झालीच तर

चुकीच्या बसमध्ये बसल्याचे लक्षात आले की घाबरून पुढच्या कोणत्याही थांब्यावर उतरू नये. बस जर द्वारका, शालिमार, सीबीएस किंवा निमाणी यांपैकी एखाद्या ठिकाणावरून जाणार असेल, तर तेथपर्यंत जाऊनच उतरावे, कारण तेथून चारही दिशांना बस मिळते. थांबा मागे पडला असेल आणि पुढे जावे लागणार असेल, तर वाहकाला स्वतःहून सांगून पुढच्या टप्प्याचे तिकीट घ्यावे.

सिटीलिंकच्या ॲपवर बस कोठे आहे ते पाहता येते, परंतु तेवढ्यावर विसंबून थांब्यावर अगदी शेवटच्या क्षणी पोहोचू नये. थकीत वेतनाच्या प्रश्नावरून वाहक किंवा चालकांनी काम बंद केल्याने सेवा ठप्प झाल्याचे प्रसंग या शहराने पाहिले आहेत. परीक्षा किंवा मुलाखत असलेल्या दिवशी सकाळीच वर्तमानपत्र पाहून घ्यावे. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांमुळे आणि पर्वकाळात वाहतूक वळवली जाते, तेव्हा नेहमीचा थांबाही बदलू शकतो. सामान बसमध्ये राहिल्यास शोध लागण्यासाठी तिकीट उपयोगी पडते, म्हणून उतरल्याबरोबर ते फेकून न देता घरी पोहोचेपर्यंत खिशात ठेवावे.